पोस्टकार्डाची पाठ : टेक्सास व ओक्लाहोमातील मराठी मंडळींना खुले पत्र

प्रति,
टेक्सास आणि ओक्लाहोमा येथील मराठी मंडळांचे पदाधिकारी, कार्यकर्ते व सभासद यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आपल्यापैकीच एका मंडळाने वर्धापनदिनानिमित्त, आपण जिथे येऊन स्थिरावलो त्या प्रदेशाचा इतिहास मांडणारे एक छोटे प्रदर्शन भरवले होते, आणि त्यासाठी मी माझ्या संग्रहातला पोस्टकार्डांचा एक जुना अल्बम दिला होता. विचिटा फॉल्सजवळच्या एका रँचवरचे घर रिकामे करताना तिथले सामान विक्रीला निघाले, तेव्हा तो मला मिळाला होता. काळ्या जाड कागदाची पाने, कार्डांचे कोपरे अडकवण्यासाठी पानांना दिलेल्या तिरप्या चिरा आणि १९०७ ते १९२१ या काळातली ८४ कार्डे, असे त्याचे रूप होते. कार्यकर्त्यांनी दोन रात्री जागून ती कार्डे अल्बममधून काढली, ‘तेल’ आणि ‘रँच’ अशा दोन गटांत लावली आणि गोंदाने फळ्यांवर चिकटवली. प्रदर्शन देखणे झाले. नंतर कार्डे सोडवताना मात्र साठाहून अधिक कार्डांच्या मागच्या कागदाचा पापुद्रा फळ्यांनाच चिकटून राहिला, आणि त्याबरोबर त्यांच्यावरचा मजकूर, पत्ते आणि टपालाचे शिक्केही गेले.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हे मला ठाऊक आहे. अल्बम हाती देताना मी कोणतीही सूचना दिली नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करते. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहावेसे वाटते, कारण त्यानंतर मी जिथे जिथे गेले तिथे मला हेच दिसत राहिले. कोणाच्या दिवाणखान्यात तेलाच्या कारंज्याचे कार्ड कायमचे चौकटीत बंद झालेले आहे, कोणी काउबॉयच्या कार्डाची कड कापून ते शाळेच्या प्रकल्पाच्या वहीत डकवले आहे, तर कोणी टिकावे म्हणून लॅमिनेट करून घेतले आहे. ज्या तेलउद्योगाने आपल्यातल्या कितीतरी जणांना या भागात आणले, त्याच्या पहिल्या दिवसांची ही कार्डे आपण हौसेने विकत घेतो. म्हणून माझी विनंती आहे की कार्डाची पाठ वाचवा, आणि कार्डे ज्या क्रमाने मिळाली तो क्रम मोडू नका.

बिघडलेल्या कार्डांपैकी एकाविषयी सविस्तर सांगते. ते उत्तर टेक्सासमधल्या बर्कबर्नेट या तेलाच्या गावाचे कार्ड होते. चित्रात घरांच्या परसात, रस्त्याच्या कडेला, अगदी चर्चच्या भिंतीपर्यंत लाकडी डेरिक, म्हणजे तेलविहिरींवरचे उंच सांगाडे, उभे आहेत, आणि खाली उजवीकडे तंबूंची एक ओळ आहे. त्यातल्या तिसऱ्या तंबूच्या कापडावर शाईने एक बारीक फुली मारलेली आहे. मागे पेन्सिलीने लिहिले होते की फुली केली आहे तिथे मी झोपतो, पण खाट अर्ध्याच दिवसाची माझी आहे, उरलेला अर्धा दिवस रात्रपाळीचा माणूस तिच्यावर झोपतो. आणि आईने काळजी करू नये, पुढच्या पत्रात पैसे पाठवीन. आता कार्डावर फुली तेवढी उरली आहे. मी तो मजकूर वाचला होता म्हणून मला तिचा अर्थ ठाऊक आहे. यापुढे ते कार्ड हाती घेणाऱ्याला ती शाईचा डाग वाटेल.

पोस्टकार्डाच्या पाठीला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला की कार्डाचे वय ठरवायला बरीच मदत होते. अमेरिकेत खासगी छापखान्यांनी काढलेले कार्ड सरकारी कार्डाप्रमाणेच एका सेंटात पाठवण्याची मुभा १८९८ च्या कायद्याने मिळाली. मात्र १ मार्च १९०७ पर्यंत मागच्या बाजूला पत्ता सोडून काहीही लिहायला परवानगी नव्हती, त्यामुळे त्याआधीच्या कार्डांवर लोकांनी चित्राच्या कडेला, आकाशाच्या मोकळ्या जागेत, कधी गुरांच्या पाठीवरूनही मजकूर लिहिलेला आढळतो. ते लिखाण म्हणजे खराबी समजून कृपया कड कापू नका. त्या काळी निरोप लिहायला जागा तेवढीच होती. १९०७ नंतर पाठीवर मधोमध रेघ आली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. लोकांनी या सोयीचा किती उपयोग केला, हे आकड्यावरून कळते : ३० जून १९०८ रोजी संपलेल्या वर्षात अमेरिकेच्या टपालाने ६७ कोटी ७० लाखांहून अधिक पोस्टकार्डे वाहिली, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या नऊ कोटींच्या आत होती.

नेमक्या याच वर्षांत इथे तेलाची गावे उभी राहत होती. १० जानेवारी १९०१ रोजी बोमाँटजवळच्या स्पिंडलटॉप टेकडीवर अँथनी ल्युकस यांची विहीर फुटली. दिवसाला सुमारे एक लाख बॅरल असा अंदाज केला गेलेला तो प्रवाह नऊ दिवसांनी आवरता आला. फ्रँक ट्रॉस्ट या छायाचित्रकाराने टिपलेले त्या कारंज्याचे चित्र इतके खपले की आजही ‘तेलाचा शोध’ म्हटले की तेच डोळ्यांसमोर येते. पण ते चित्र काय सांगत नाही तेही पाहिले पाहिजे. त्याच वर्षी तिथे तेलाचा भाव बॅरलला तीन सेंटांपर्यंत उतरला होता आणि पिण्याच्या पाण्याचा पेला पाच सेंटांना विकला जात होता. गुंतवणूकदारांना घेऊन आगगाड्या आल्या की विहिरींच्या झडपा मुद्दाम उघडून त्यांना कारंजी दाखवली जात. कार्डाच्या पुढच्या बाजूला कारंजे आहे. पाण्याचा भाव, आजारपण, चिखल आणि घरभाडे यांचा उल्लेख सापडला तर तो मागच्या बाजूला सापडतो.

या कार्डांचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि ते ओळखायला घरातले साधे भिंग पुरते. भिंगाखाली चित्रात बारीक ठिपके दिसले तर ते छापखान्यातले कार्ड. ठिपके नसून करड्या छटा सलग दिसल्या, आणि गडद भागाच्या कडेला तिरप्या उजेडात चांदीसारखी चमक आली, तर ते प्रत्यक्ष छायाचित्राच्या कागदावर काढलेले कार्ड. १९०३ मध्ये कोडॅकने ३ए नावाचा घडीचा कॅमेरा बाजारात आणला. त्याची फिल्म पोस्टकार्डाच्याच मापाची असल्याने चित्र मोठे न करता थेट कार्डाच्या कागदावर उतरवता येई. त्यामुळे शंभर तंबूंच्या गावातला छायाचित्रकारही सकाळी लागलेल्या आगीची कार्डे लवकरच विकू शकत असे. असे कार्ड कधी दहा प्रती निघालेले असते, कधी एकच. चित्रावर गावाचे नाव पांढऱ्या, थोड्या वाकड्या अक्षरांत लिहिलेले असते, कारण ते निगेटिव्हवर शाईने लिहिले जाई आणि शाईने अडवलेल्या जागी कागद पांढरा राही. अक्षरे अनेकदा उलटी लिहावी लागत, म्हणून मधूनच एखादे अक्षर आरशातल्यासारखे आलेले दिसते. ते पाहताना घाईने लिहिणारा तो हात मला जवळून दिसतो, आणि खरे सांगायचे तर एवढ्यासाठीच मी हा छंद धरला.

या छायाचित्र-कार्डांचे वय सांगणारी सर्वांत सोपी खूण पाठीवरच असते. तिकीट लावण्याच्या चौकोनाभोवती कागद बनवणाऱ्याचे नाव छापलेले असते. ॲझो हा कागद असेल आणि चौकोनाच्या चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक करून असतील, तर तो कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. दोन त्रिकोण वर आणि दोन खाली असतील, तर १९१८ ते १९३० मधला. बर्कबर्नेटला जुलै १९१८ मध्ये फाउलर यांच्या शेतात तेल लागले, लोक ज्या विहिरीला ‘फाउलरचा वेडेपणा’ म्हणत होते तीच ही विहीर, आणि पुढच्या तीन आठवड्यांत तिथे विहिरी खणणारे पन्नासहून अधिक रिग चालू झाले. अशा गावाच्या कार्डाचे वय ठरवताना हे चार त्रिकोण किती मोलाचे आहेत हे वेगळे सांगायला नको. ते गोंदाखाली गेले की उरतो केवळ अंदाज.

छापील रंगीत कार्डांबद्दल थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धापूर्वी त्यांतली बरीचशी जर्मनीत छापली जात, आणि रंग भरणाऱ्याने टेक्सास पाहिलेले नसे. पुढे शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीने लिनन कापडासारख्या पोताची कार्डे काढली. तिच्या कामाच्या फायली आता शिकागोच्याच न्यूबेरी ग्रंथालयात आहेत, आणि मूळ करडे छायाचित्र व त्यावर काय बदलायचे याच्या सूचना त्यांत शेजारी शेजारी पाहता येतात. आकाश कोणत्या निळ्या रंगाचे हवे, हे कार्यालयात बसून ठरत असे. एवढ्यासाठी तरी नुसत्या चित्रावर विसंबू नये.

आता वर्गवारीबद्दल. आपल्या कार्यकर्त्यांनी ‘तेल’ आणि ‘रँच’ असे दोन गट केले, आणि विक्रेतेही तसेच करतात. पण उत्तर टेक्सासमध्ये आणि ओक्लाहोमात या दोन गोष्टी एकाच जमिनीवर, बहुतेक वेळा एकाच कुटुंबात घडल्या. बर्कबर्नेट हे नावच सॅम्युअल बर्क बर्नेट या ६६६६ रँचच्या मालकाचे आहे. १९०५ मध्ये त्यांच्याबरोबर लांडग्यांच्या शिकारीला आलेल्या अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सूचनेवरून गावाला ते मिळाले. इलेक्ट्रा हे तेलाचे गाव रँचमालक वॅगनर यांच्या मुलीच्या नावाने ओळखले जाते. गुरांसाठी पाण्याची विहीर खणताना तेल लागले म्हणून वॅगनर वैतागले होते, असे तिकडचे लोक अजून सांगतात. १९११ मध्ये तिथे मोठी विहीर लागली आणि गाव पालटले. ओक्लाहोमात पॉन्का सिटीजवळ मिलर बंधूंच्या १०१ रँचवर, त्याच १९११ साली, ई. डब्ल्यू. मार्लंड यांना पॉन्का या मूळनिवासी लोकांच्या जमिनीत तेल मिळाले.

माझ्या अल्बममध्ये हा बदल पानोपान दिसत होता. पहिल्या पानांवर हाकत नेलेले गुरांचे कळप, चकवॅगन म्हणजे फिरत्या स्वयंपाकगाडीभोवती पत्र्याच्या ताटल्या घेऊन बसलेली माणसे, डाग देण्याचे लोखंड आणि पवनचक्की होती. मध्ये एका कार्डावर त्याच पवनचक्कीमागे पहिला डेरिक आला. त्यानंतर कार्डे पाठवणारा हात बदलला, शिक्के बदलले आणि शेवटी बर्कबर्नेटचे तंबू आले. कोणीतरी, बहुधा घरातल्या बाईने, आलेली कार्डे वर्षानुवर्षे त्याच क्रमाने लावली होती. ‘रँच’ची कार्डे एका फळीवर आणि ‘तेला’ची दुसऱ्या फळीवर गेली, तेव्हा पवनचक्कीमागचा तो डेरिक कोणाच्याच लक्षात आला नाही.

कार्डांच्या पुढच्या बाजूला कोणाची नावे नाहीत, याकडेही आपण पाहिले पाहिजे, कारण आपणही या देशात बाहेरून आलेली माणसे आहोत. रँचच्या कार्डांवर ‘टेक्सासचा काउबॉय’ एवढेच छापलेले असते. त्या काळच्या काउबॉयांपैकी सुमारे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता असे इतिहासकार मानतात, आणि मेक्सिकन वाकेरोंकडून, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांकडून, तर हा सगळा धंदाच शिकला गेला. पण छापील कार्डांत ते क्वचितच भेटतात. १०१ रँचचे बिल पिकेट, धावत्या बैलाच्या ओठाला दातांनी धरून त्याला लोळवणारे कृष्णवर्णीय काउबॉय, जाहिरातीत होते म्हणून नावाने उरले. पॉन्का आणि ओसेज लोकांची शेकडो कार्डे निघाली, तीही बहुतेक नावांविना. एखाद्या कार्डाच्या पाठीवर पाठवणाऱ्याने हा आमचा अमुक म्हणून पेन्सिलीने नाव लिहिलेले असते, आणि त्या माणसाच्या वंशजांना आपल्या पूर्वजाचा चेहरा सापडण्याची तेवढीच एक वाट असते.

टल्साचे उदाहरण त्याहून जड आहे, पण तेलाच्या गावांविषयी बोलताना ते टाळणे योग्य होणार नाही. ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने तिथला ग्रीनवुड हा कृष्णवर्णीयांचा भाग जाळला. वस्तीचे सुमारे ३५ ब्लॉक बेचिराख झाले. त्या धुराची, त्या अवशेषांची, आणि मृतांचीही छायाचित्र-कार्डे काढून विकली गेली, त्याच पांढऱ्या अक्षरांतल्या ओळी घालून. अनेक दशके या घटनेबद्दल उघडपणे बोलले गेले नाही. पुढे अभ्यासकांनी ती पुन्हा मांडली तेव्हा, विकणाऱ्यांनी फुशारकीने काढलेली हीच कार्डे त्यांनी पुरावा म्हणून वाचली. असे कार्ड आपल्या हाती आले तर ते भिंतीवर लावू नये आणि फेकूनही देऊ नये; दोन्ही बाजूंसह अभ्यासकांपर्यंत पोहोचवावे.

शिक्क्याचेही असेच आहे. तेल संपले की गाव उठे, आणि गावाबरोबर टपाल कचेरी. ओसेज परगण्यातल्या एका गावाला सगळे लोक व्हिझबँग म्हणत, पण टपालखात्याला ते नाव शोभेसे वाटले नाही म्हणून कचेरीचे नाव डेनोया ठेवले गेले. अशा गावचे कार्ड असेल तर पुढे एक नाव आणि मागे दुसरे असणार, आणि दोन्ही एकाच कागदावर आहेत म्हणूनच ती एकाच गावची हे सिद्ध होते.

मी ३१ वर्षे खडकाच्या नमुन्यांच्या, म्हणजे कोअरच्या, प्रयोगशाळेत काम केले. विहिरीतून कोअर बाहेर आला की सर्वांत आधी त्याच्यावर लांबीच्या दिशेने लाल आणि काळी अशा दोन समांतर रेघा ओढतात. लाल रेघ उजव्या हाताला आली म्हणजे वरची बाजू वर आहे. शेजारी खोलीचे आकडे लिहितात. रेघा आणि आकडे नसलेला कोअर दिसायला तसाच असतो, पण त्याच्यावरून कोणी विहिरीबद्दल एक वाक्यही लिहू शकत नाही. आपल्यापैकी शंभरेक जणांनी तरी हे काम जवळून पाहिलेले आहे, म्हणून हे उदाहरण देते. आणि ज्यांनी पाहिले नसेल त्यांना गावाकडचे कार्ड आठवत असेल. आजोबांच्या खोलीत तारेला टोचून ठेवलेली कार्डे असत. कोपरा फाडलेले कार्ड पोस्टमनने आणले की वाचण्याआधीच घरात रडू फुटे. कार्डाचा कागद स्वतःच बोलतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तेव्हा काही व्यवहाराच्या गोष्टी. कार्ड मिळाले की आधी दोन्ही बाजू स्कॅन करा, ६०० डीपीआयवर, आणि दोन्ही प्रतिमांना एकच क्रमांक द्या. प्रदर्शनात आणि घरातल्या चौकटीत मोठी छापील प्रत लावा. पाठीवर मजकूर असेल तर पाठीचीही प्रत शेजारी लावून खाली त्याचा मराठी अनुवाद द्या, लोक तिथे जास्त वेळ थांबतील. मूळ कार्ड पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पीव्हीसीची पाकिटे वापरू नका, ती कालांतराने चिकट होऊन कागद बिघडवतात. काही नोंद करायचीच असेल तर वेगळ्या कागदावर करा. अल्बम विकत घेतला तर पान क्रमांकासह प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतल्याशिवाय एकही कार्ड काढू नका, आणि विक्रेता कार्डे सुटी करून विकत असेल तर निदान ती कोणत्या घरातून, कोणत्या परगण्यातून आली हे त्याला विचारून लिहून ठेवा. कायमची सोय करायची झाली तर बोमाँटचे स्पिंडलटॉप संग्रहालय, कॅन्यनचे पॅनहँडल-प्लेन्स संग्रहालय आणि डॅलसचे डीगोल्यर ग्रंथालय या संस्था अशा साहित्याची कदर जाणतात, आणि नॉर्थ टेक्सास विद्यापीठाच्या ‘पोर्टल टू टेक्सास हिस्टरी’ या संकेतस्थळावर आपल्या परगण्याची कोणती कार्डे आधीच आली आहेत ते घरबसल्या पाहता येते.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी स्वतंत्र विनंती आहे की सभासदांनी दिलेली जुनी वस्तू प्रदर्शनात चिकटवली, कापली किंवा टाचली जाणार नाही, एवढी एक ओळ आपापल्या नियमांत घालावी. स्कॅन करण्याचे काम मी स्वतः करायला तयार आहे. ह्यूस्टन परिसरात कोणत्याही कार्यक्रमाला स्कॅनर, भिंग आणि रिकामी पाकिटे घेऊन येईन. आपण कार्डे घेऊन यावे, मी ती आपल्यासमोर स्कॅन करून लगेच परत देईन.

आणि शेवटी, ज्या प्रदर्शनापासून या पत्राची सुरुवात झाली त्याच्या फळ्यांबद्दल. कार्डांचे पापुद्रे अजून त्या फळ्यांवरच आहेत. गोंद कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून, कागदाचे जतन करणारे तज्ज्ञ ते ओलसर करून अलगद सोडवू शकतात आणि खालचा पेन्सिलीचा मजकूर काही प्रमाणात परत वाचता येऊ शकतो. फळ्या कार्यक्रमानंतर चार-पाच गाड्यांतून वेगवेगळ्या घरी गेल्या, एवढेच मला समजले आहे. त्या कोणाच्या गॅरेजमध्ये, माळ्यावर किंवा पुढच्या गणेशोत्सवाच्या सजावटीच्या सामानात असतील, तर कृपया त्यांवर नवा कागद चढवू नये, त्या उन्हात ठेवू नयेत आणि मंडळामार्फत मला निरोप पाठवावा; मी स्वतः येऊन घेऊन जाईन. बर्कबर्नेटचे कार्ड डावीकडून तिसऱ्या रांगेत होते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त भूवैज्ञानिक, ह्यूस्टन